बर्फावरील फळी आणि हौशी गडी

इचलकरंजीचे अधिपती श्रीमंत नारायणराव बाबासाहेब घोरपडे हे १९१३ साली युरोपच्या प्रवासास गेले होते. तिकडील, विशेषतः इंग्रजांच्या, राहणीविषयी व स्वभावाविषयी आपणांस जे वाटले ते त्यांनी इंग्रजीत लिहिले आणि १९१४ साली ते पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. पंचगंगेकाठच्या एका लहान जहागिरीचा धनी इंग्रजांच्या देशी जाऊन त्यांचे निरीक्षण करतो, ही गोष्ट त्या काळी नवलाचीच होती; एरवी निरीक्षण करणारे ते आणि निरीक्षणाचा विषय आपण, असाच शिरस्ता होता. त्या पुस्तकाची आठवण मला आज मात्र निराळ्या कारणाने झाली. त्याच सुमारास स्वित्झर्लंडच्या डोंगरांत हिवाळा घालविण्यास जाणारी इंग्रज मंडळी बर्फावरचा एक नवा खेळ मांडीत होती, आणि त्या खेळाच्या मुळाशी हिंदुस्थानचे दोन धागे गुंतलेले आहेत. त्याच खेळाचे फार उशिरा जन्मलेले भावंड म्हणजे एका फळीवर दोन्ही पाय बांधून, बर्फाच्या उतारावर रोवलेल्या झेंड्यांना वळसे घालीत खाली धावण्याची शर्यत. तिला स्नोबोर्डची आल्पाइन शर्यत असे म्हणतात. तिचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

आपल्याकडे बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या गाडीवरचा. तेव्हा हा विषय इचलकरंजीच्या श्रोत्यांपुढे कशासाठी, असे कोणी विचारील तर तो दोष त्याचा नव्हे. पण या इतिहासात मला जो प्रश्न पुनःपुन्हा भेटला तो बर्फाचा नाही. हौशी कोणाला म्हणावयाचे, आणि ज्या सामानावाचून खेळ होत नाही त्या सामानावर कोवळ्या पोराचा पाय प्रथम कसा पडावयाचा, हा तो प्रश्न होय. आणि तो आपल्या तालमींनाही ठाऊक आहे.

पहिला धागा असा. १९११ सालच्या जानेवारीत स्वित्झर्लंडमधील मोंटाना या गावी एक चषक लावण्यात आला. त्याला नाव दिले होते लॉर्ड रॉबर्ट्स ऑफ कंदाहार यांचे. हे रॉबर्ट्स १८३२ साली कानपुरास जन्मले. १८८० साली काबूलहून कंदाहारवर त्यांनी केलेली कूच इंग्रजी लष्कराच्या इतिहासात गाजली आणि पुढे त्या गावाचे नाव त्यांच्या पदवीस चिकटले. अशा रीतीने अफगाणिस्तानातील एका उजाड शहराचे नाव आल्प्सच्या बर्फावर जाऊन बसले, आणि आजही स्कीच्या मोठमोठ्या शर्यती 'कंदाहार' या नावाने ओळखल्या जातात. त्या पहिल्या शर्यतीत स्पर्धक आदल्या दिवशी पायांनी डोंगर चढून वरच्या झोपडीत मुक्कामास राहिले, आणि सकाळी सर्व जण एकदम सुटून, हिमनदी ओलांडून, कोणी रस्ता आखून दिलेला नसताना खाली गावापर्यंत आले. पाळणा नाही, दोर नाही. जितके उतरावयाचे तितके आधी चढावयाचे. त्या काळचा हौशीपणा असा दमदार होता, हे मान्य केले पाहिजे.

दुसरा धागा त्याहून महत्त्वाचा आहे. ही शर्यत भरविणारे तरुण गृहस्थ अर्नोल्ड लन यांचा जन्म १८८८ साली मद्रासेस झाला. त्यांचे वडील तेथे मिशनरी होते. वडिलांनी पुढे धर्मप्रचाराबरोबर प्रवासी मंडळींस आल्प्समध्ये नेण्याचा व्यवसाय उभारला आणि चिरंजीवांनी त्या डोंगरांवर शर्यतींचे शास्त्र उभारले. १९२२ साली म्यूरेन या गावी लन यांनी उतारावर झेंड्यांच्या जोड्या रोवून जी शर्यत लावली, तीच आजच्या 'स्लालम'ची जननी समजली जाते. स्लालम हा शब्द नॉर्वेचा. उतारावरून वळसे घेत उतरण्याची विद्याही प्रथम नॉर्वेचीच. टेलेमार्क प्रांतातील सोंद्रे नोरहेम नावाच्या शेतकऱ्याने १८६८ साली राजधानीत येऊन ती लोकांस दाखविली. त्याच्या स्कीला मध्यभागी कंबर काढलेली असे. ही कंबर ध्यानात ठेवावी, कारण तिचे काम पुढे आहे. ऑस्ट्रियात मथियास झ्डार्स्की याने १९०५ साली झेंडे लावून उताराची परीक्षाही घेतली होती. मग लन यांनी नवे काय केले? त्यांच्यापूर्वी वळणाच्या डौलास गुण मिळत. लन यांनी तो डौल मोजण्याचे सोडून दिले. झेंड्याला वळसा घाला, कसाही घाला. खाली कोण आधी पोहोचला एवढेच घड्याळ सांगेल. कुरूप पण वेगवान वळण हे सुंदर पण संथ वळणापेक्षा श्रेष्ठ, असे त्यांचे रोखठोक मत होते. आमच्या आखाड्यातही पंच पाठ टेकली की नाही एवढेच पाहतो. डावाची शोभा प्रेक्षकांनी पाहावी.

येथवर सारे गोड होते. भांडण लागले ते हौशी या शब्दावरून. १९३६ साली जर्मनीतील गार्मिश येथे आल्पाइन स्की प्रथमच ऑलिंपिकमध्ये आली. तेव्हा ऑलिंपिकच्या धुरीणांनी असा निर्णय दिला, की पैसे घेऊन स्की शिकविणारा मनुष्य हा धंदेवाईक समजावा आणि त्यास प्रवेश देऊ नये. आता या डोंगरांत स्की शिकविणारे कोण होते? तेथील गुराख्यांची व शेतकऱ्यांची मुले. ज्यांनी शहरी पाहुण्यांना पायांवर उभे केले त्यांनाच शर्यतीच्या दारातून परत फिरविण्यात आले. ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंड यांचे अनेक स्कीपटू त्यामुळे गार्मिशला उतरले नाहीत. १९७२ सालीही साप्पोरो येथे कार्ल श्रान्झ या ऑस्ट्रियन खेळाडूस स्पर्धेच्या तोंडावर धंदेवाईक ठरवून घरी पाठविले. पुढे ऑलिंपिकने तो दंडकच सोडून दिला. ज्याला पोटासाठी कमवावे लागत नाही तो हौशी, ही व्याख्या ज्यांनी केली त्यांच्या मनात खोट असेलच असे नाही. परंतु ती व्याख्या गरिबाच्या विरुद्ध होती हे मात्र उघड आहे.

आता एक मोठी उडी मारून आपण अमेरिकेत जाऊ, कारण एका फळीचा जन्म तेथे झाला. १९६५ सालच्या नाताळच्या दिवशी मिशिगन प्रांतातील मस्किगन या गावी शर्मन पॉपेन नावाच्या गृहस्थाने घरातील लहान मुलींच्या करमणुकीसाठी दोन स्की एकमेकींस जोडल्या. मुली त्यावर उभ्या राहून अंगणामागच्या टेकडीवरून घसरू लागल्या. त्याच्या पत्नीने त्या वस्तूस 'स्नर्फर' असे नाव दिले. बर्फ आणि समुद्राच्या लाटेवरची फळी या दोहोंच्या इंग्रजी नावांची ती गाठ आहे. पुढच्या वर्षी एका कारखान्याने ती बाजारात आणली. फळीच्या पुढच्या टोकास एक दोरी असे. ती हातात धरावयाची, आणि पाय मोकळे. हे खेळणेच होते, आणि खेळण्याच्या दुकानांत मिळत होते. परंतु मुले खेळण्यावरही पैजा लावतात. १९६८ पासून मस्किगनमध्ये स्नर्फरच्या शर्यती भरू लागल्या.

१९७९ सालची एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. मिशिगनमध्येच पँडो येथे स्नर्फरची शर्यत होती. जेक बर्टन कार्पेंटर हा तरुण व्हरमाँटहून स्वतः बनविलेली फळी घेऊन आला. तिच्यावर पाय अडकविण्यासाठी पट्टा होता. ही स्नर्फर नव्हे, हिला प्रवेश नाही, असा काही स्पर्धकांनी गिल्ला केला. शेवटी पंचांनी तोड काढली; वाटेल त्या फळीसाठी एक वेगळा विभाग उघडला. त्या विभागात स्पर्धक एकच होता, आणि अर्थातच तोच जिंकला. हसण्यासारखीच गोष्ट. पण त्या दिवशी पंचांनी नियमावर बोट ठेवून त्या तरुणास परत पाठविले असते, तर पुढचा इतिहास काही वर्षे तरी लांबला असता असे मला वाटते.

१९८२ साली व्हरमाँटमधील वुडस्टॉकजवळ 'सुइसाइड सिक्स' या टेकडीवर अमेरिकेतील पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. त्या टेकडीचे हे भयंकर नाव २०२२ साली बदलण्यात आले. या स्पर्धेत स्लालम व सरळ उताराची धाव अशा दोन्ही शर्यती होत्या, आणि आलेली मंडळी बहुतेक एकमेकांस ओळखणारी होती. त्या काळी बर्फावरील बहुतेक मैदानांत फळीवाल्यांना पाळण्यात बसूच देत नसत. स्कीवाले त्यांना उपद्रवी पोरे समजत. ज्यांना एकेकाळी गावकऱ्यांनी वेडे इंग्रज म्हटले होते, त्यांचेच वारस आता या पोरांना वेडे म्हणू लागले होते.

या फळीची रचना समजल्यावाचून पुढील कथा रुचणार नाही, म्हणून तिच्याकडे वळतो. शर्यतीची फळी अरुंद असते; कंबरेजवळ सुमारे वीस सेंटिमीटर, कधी त्याहूनही कमी. स्लालमची फळी सुमारे एकशे साठ सेंटिमीटर लांब, तर मोठ्या वळणांच्या शर्यतीची एकशे ऐंशीच्या पुढे. कडेने पोलादाची धार बसविलेली असते. नोरहेमच्या स्कीप्रमाणे हिलाही कंबर असते, आणि सारे रहस्य त्या कंबरेत आहे. फळी कुशीवर कलती केली, की तिची दोन टोके बर्फावर टेकतात आणि मधला भाग अधांतरी राहतो. स्वाराच्या भाराने तो दबला, की सबंध फळी धनुष्यासारखी वाकते. मग धारेने बर्फात कोरलेली वाट आपोआप वर्तुळाचा भाग होते. नवखा मनुष्य फळी आडवी करून फरफटत वळतो. त्यात वेग मरतो आणि बर्फ उडतो. कसलेला गडी वळतो तेव्हा त्याच्यामागे बर्फावर पेन्सिलीने ओढावी तशी एकच बारीक रेघ उरते.

याकरिता पाय फळीशी घट्ट जखडावे लागतात. म्हणून साध्या स्नोबोर्डचे मऊ बूट येथे चालत नाहीत; स्कीच्या बुटांसारखे टणक प्लॅस्टिकचे बूट आणि त्यांना टाच व चवडा या दोन्हीकडून पकडणारी धातूची पकड लागते. पावले आडवी न ठेवता पुढच्या टोकाकडे बरीच वळवून बसवितात, नाही तर अरुंद फळीबाहेर बोटे येऊन बर्फास घासतील. युरोपातील गड्यांनी १९८० नंतरच्या दशकात डोंगर चढण्याचे बूट वापरून हा प्रकार रूढ केला. काही काळ तर उजवी व डावी बाजू मुद्दाम असमान ठेवलेल्या फळ्याही निघाल्या, कारण टाचेकडचे वळण आणि चवड्याकडचे वळण यांत शरीराची ठेवण एकसारखी नसते. कल्पना तर्काला धरून होती. तरी शर्यतीत ती फार दिवस टिकली नाही.

नवशिक्या मुलास प्रथम विचारावे लागते, पुढे कोणता पाय? पुष्कळांस ते ठाऊकच नसते. मग शिक्षक त्यास बेसावध उभे करून मागून हलका धक्का देतो. तोल सावरण्यास जो पाय पुढे पडेल तोच फळीवर पुढे. यानंतर टणक बुटांत पाय घालण्याचा सोहळा होतो. पहिल्या प्रहरी मुलास वाटते, की आपले घोटे कोणी ओतीव लोखंडात बसविले आहेत. मऊ बुटांत ज्या चुका खपत होत्या त्या येथे खपत नाहीत. गुडघा वाकला नाही की फळी लगेच चुगली करते. शिवाय दुसऱ्याच्या वजनासाठी केलेली फळी हलक्या मुलाखाली वाकतच नाही आणि जड मुलाखाली अति वाकते. एकाच सामानावर दहा मुलांची परीक्षा घेणे म्हणूनच अन्यायाचे आहे. फळ्यांच्या चार-सहा जोड्या उताराच्या पायथ्याशी ठेवून मुलांनी त्या आळीपाळीने पायाखाली घालून पाहाव्यात, हाच खरा मार्ग. आणि या खेळातील वडीलधारी हौशी मंडळी स्वतःच्या फळ्या, स्वतःचे जुने बूट आणून मुलांपुढे ठेवतात, तेव्हा ती जे करतात ते कोणत्याही चषकाहून मोलाचे आहे.

१९९८ साली जपानमधील नागानो येथे ही शर्यत ऑलिंपिकमध्ये आली. कॅनडाचा रॉस रेबाग्लियाती दोन शतांश सेकंदांनी जिंकला. लगेच अंगात गांजाचा अंश सापडला म्हणून त्याचे पदक काढून घेतले, आणि नियमांत तशी बंदी स्पष्ट नसल्याने ते परतही केले. वर्तमानपत्रांस या भानगडीत इतका रस वाटला, की स्त्रियांची शर्यत जिंकलेल्या फ्रान्सच्या कारीन रुबी हिची योग्यता त्या गडबडीत झाकली गेली. ही रुबी पुढे पर्वतांतील वाटाड्याचे शिक्षण घेत असता २००९ साली माँ ब्लाँवर हिमनदीच्या भेगेत पडून मरण पावली. २००२ पासून शर्यतीचे रूप पालटले. दोन समांतर मार्ग, एकाचे झेंडे तांबडे, दुसऱ्याचे निळे. दोन गडी एकदम सुटतात आणि हरणारा बाद होतो. घड्याळाशी एकट्याने चाललेली झुंज जाऊन जोड लागली, हे आपल्याकडच्या कुस्तीच्या शौकिनास चटकन कळेल.

२०१८ साली कोरियातील प्याँगचांग येथे जे घडले ते तर कादंबरीत लिहिले असते तर कोणास पटले नसते. झेकोस्लोवाकियातून फुटून झालेल्या चेक देशाची एस्तेर लेडेत्स्का ही स्नोबोर्डची धावपटू. ती स्कीच्या सुपर-जी शर्यतीतही उतरली आणि एक शतांश सेकंदाने सुवर्णपदक घेऊन गेली. खाली पोहोचल्यावर फलकाकडे पाहत ती बराच वेळ स्तब्ध उभी होती, काही चूक झाली असावी असे समजून. आठवडाभराने तिने स्नोबोर्डचेही सुवर्ण जिंकले. आणि त्या स्कीच्या विजयात तिच्या पायाखालच्या स्की कोणाच्या होत्या? अमेरिकेच्या मिकेला शिफ्रिन हिने पूर्वी वापरलेल्या. जगातील अव्वल पदक उसन्या सामानावर येऊ शकते, याहून बळकट पुरावा मला देता येणार नाही.

परंतु एवढा मान मिळूनही या शर्यतीचे सामान बाजारातून नाहीसे होत गेले. तरुणांचे मन कसरतीच्या उड्यांकडे वळले. मोठ्या कारखान्यांनी, बर्टनच्यासुद्धा, हळूहळू टणक बुटांच्या फळ्यांतून हात काढून घेतला. ही विद्या जगली ती लहान कारखान्यांमुळे. स्वित्झर्लंडचा केसलर, कॅनडाचा कॉयलर, अमेरिकेत कोलोराडोचा डोनेक ही नावे या खेळातील लोक आदराने घेतात. गिऱ्हाइकाचे वजन, पावलाची लांबी, कोणत्या वळणाची आवड, हे विचारून अशा ठिकाणी फळी घडविली जाते. लाकडाच्या गाभ्यावर काचतंतू आणि मिश्रधातूचा पातळ पत्रा बसवून तिची थरथर मारण्याची युक्तीही याच मंडळींच्या हातून बहरली.

येथे इचलकरंजीचा श्रोता मान डोलावील. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी या गावात पहिला यंत्रमाग आणला, जहागीरदारांनी अशा धडपडीस आश्रय दिला, आणि त्यातून जे गाव उभे राहिले ते एका थोरल्या गिरणीचे नव्हे, तर घराघरांतील शेडचे गाव आहे. मोठ्या गिरणीस जो थोडासा माल काढणे परवडत नाही तो चार मागांचा धनी काढून देतो. मुंबईच्या गिरण्यांचे काय झाले आणि इचलकरंजीचे माग किती संकटांतून खडखडत राहिले, हे मी आपणांस सांगावे असे नाही. बर्फावरील फळीचे लहान कारागीर व आपले मागवाले यांची कधी गाठ पडली तर भाषेची अडचण पडेल, धंद्याची पडणार नाही.

कारागिरांनी सामान टिकविले, तशी शर्यत टिकविली ती हौशी संघांनी. अमेरिकेत १९८८ साली स्थापन झालेला हौशी स्नोबोर्ड संघ गावोगावच्या टेकड्यांवर वयोगटांप्रमाणे स्लालम व मोठ्या वळणांच्या शर्यती भरवितो आणि वसंत ऋतूत राष्ट्रीय मेळावा घेतो. धाकट्या मुलांच्या एका गटास 'मेनेहुने' म्हणतात; हवाई बेटांच्या दंतकथांतील बुटकी माणसे ती. त्याच मेळाव्यात केस पिकलेले गृहस्थही आपल्या गटात धावतात. हौशी शब्दाचा अर्थ येथे उलटा फिरला आहे. पूर्वी हौशी म्हणजे ज्यास कमवावे लागत नाही तो. आता हौशी म्हणजे जो आठवडाभर कमवितो आणि रविवारी ते बर्फावर घालवितो तो. मात्र मुलाच्या बाबतीत ती कमाई बापाची असते, आणि जुना प्रश्न नव्या वेषात पुन्हा दारी उभा राहतो.

त्या प्रश्नाचे आपल्या जिल्ह्याजवळचे उदाहरण म्हणजे खाशाबा जाधव. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल कोल्हापूरच्या तांबड्या मातीत तयार झाला. १९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने तो लंडनच्या ऑलिंपिकला गेला, तेव्हा गादीवरची कुस्ती त्याच्या सवयीची नव्हती. मातीत पाय रुततो, गादीवर तो सटकतो, आणि नियमही वेगळे. तशाही स्थितीत तो सहावा आला. १९५२ साली हेलसिंकीस जाण्यासाठी पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, आणि खाशाबाने स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणले. गादी आणि उसनी फळी यांत मला फारसा भेद दिसत नाही. गुण मुलात असतो. पण तो कळावयास त्याचा पाय एकदा तरी खऱ्या सामानावर पडावा लागतो, आणि त्याकरिता कोणीतरी आपले घर, आपला वेळ, निदान आपले जुने बूट पुढे करावे लागतात.

हिंदुस्थानात हा खेळ आहे तो हिमालयात. काश्मीरमधील गुलमर्ग येथे १९२७ साली ब्रिटिश अधिकाऱ्यांनी स्की क्लब काढला. लन यांच्या म्यूरेनमधील पहिल्या स्लालमनंतर अवघ्या पाच वर्षांनी. २०२० पासून तेथे 'खेलो इंडिया'चे हिवाळी खेळ भरू लागले, त्यांत स्नोबोर्डचाही समावेश झाला, आणि ज्यांच्या गावी कधी बर्फ पडला नाही अशी महाराष्ट्राची मुलेही हिवाळी खेळांत उतरू लागली. गुलमर्गचा पाळणा दुसऱ्या टप्प्यात अफरवतच्या खांद्यावर सुमारे तेरा हजार फुटांपर्यंत नेतो. १९११ च्या मंडळींस जे चढावे लागले ते आता बसल्या बसल्या होते. पायथ्याशी फळ्या भाड्याने मिळतात, त्या बहुधा मऊ बुटांच्या. टणक बुटांची अरुंद फळी पाहावयाची असेल तर एखाद्या स्पर्धकाजवळ जाऊन, अदबीने विचारून, त्याने होय म्हटले तर थोडा वेळ पायाखाली घेऊन पाहावी लागते.